नावाचं पान

सोमवार, २२ ऑगस्ट १८८७

माझ्या इनॉकच्या पुस्तकाचे फर्मे, छापलेले मोठे कागद, आमच्याच बाकावर आले!

सकाळी स्केग्जबाईंनी गठ्ठा माझ्यापुढे आदळला. "मॅबट, आजपासून हे. चित्रं आहेत, घडी सरळ पाड." आमची ही मुकादमबाई मला आडनावानेच हाक मारते. मी घडी दाबायची हाडाची पट्टी उचलली, वरचा कागद उलटला, आणि समोर ते चित्र — खडकावर कललेलं जहाज, वर तीन समुद्रपक्षी, त्यातल्या एकाला एकच पंख. ठसा कोरणाऱ्याची चूक. हेच चित्र आमच्या खोलीत चुलीच्या वर टाचलेलं होतं. इनॉक त्या पक्ष्याला ‘बिचारा’ म्हणायचा.

लंडनात पुस्तकं बांधणारे एवढे कारखाने, आणि हे काम इथेच यावं. कुणाला काही बोलले नाही. घड्या घालत राहिले. एकही वाकडी गेली नाही.

तो जाऊन सहा महिने झाले.

बुधवार, २४ ऑगस्ट

दिवसभर त्याची वाक्यं हाताखालून जातात. थांबून वाचता येत नाही, पण वाचायची गरजही नाही. कोरड्या पावाचा तुकडा चघळत तो मला रात्री वाचून दाखवायचा, आणि माझा चेहरा पडला की ते वाक्य खोडायचा.

मी वाचायला शिकले तीच मुळी ह्या बाकावर. एका मोठ्या कागदावर सोळा पानं, अर्धी डोक्यावर उभी, पहिल्याच्या शेजारी सोळावं. मला वाटायचं, गोष्ट अशीच असते — आधी माणूस बुडतो, मग त्याचं लग्न होतं, मग तो जन्मतो. लग्न झाल्यावर हे इनॉकला सांगितलं तर हसून हसून त्याला खोकल्याची उबळ आली. "थर्झा, अगं, तुझ्या वाचनात कुणी कायमचं मरतच नाही!" मग त्याने मला सरळ वाचायला शिकवलं. सरळ वाचण्यात फारसं सुख नाही, हे आता कळतं.

गोदीत मालाच्या कचेरीत कारकून होता तो. प्रकाशकाकडे जुने लाकडी ठसे पडलेले असायचे, कुठल्या कुठल्या जुन्या पुस्तकांतले. संपादक टर्व्हिलसाहेब त्यांचे छाप काढून त्याला द्यायचे — हे जहाज, ही मगर, ही दिवा घेऊन किनाऱ्यावर उभी बाई — आणि सांगायचे, चित्राला बसेल अशी गोष्ट लिहा. शनिवारी मुलांच्या अंकात छापून यायची. नाव कॅप्टन स्ट्रेंजवे. असा कॅप्टन कधी नव्हताच. ते नाव प्रकाशकाच्या मालकीचं, दारावरच्या पाटीसारखं.

इनॉक स्वतः एकदाच पाण्यावर गेला. मार्गेटला जाणाऱ्या सहलीच्या बोटीने. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा ओकला! लिहिताना त्याला एकच धास्ती असायची. "मुलांचं काय नाही गं. पण एखाद्या खऱ्या खलाशाने वाचलं ना, तर पोट धरून हसेल."

रविवार, ४ सप्टेंबर

कबरीवर जाऊन आले. दगड नाहीच, एक लाकडी फळी. पावसाने अक्षरं पुसट झालीत.

जानेवारीत टर्व्हिलसाहेब आमच्या खोलीवर आले होते. एकुलत्या एका खुर्चीवर बसले, टोपी गुडघ्यावर. इनॉक उशीला टेकून. "मॅबट, तुमच्या गोष्टींचं पुस्तक काढतोय आम्ही. आणि त्यावर नाव तुमचं. माझा शब्द." ते गेल्यावर इनॉक उशीवरून थोडा वर सरकला. मग म्हणाला, "मॅबट हे नाव पुस्तकावर कसं दिसेल गं? मासळीवाल्याचं वाटतं, नाही?"

नावाचं पान छापखान्यात सगळ्यांत शेवटी छापतात. म्हणजे ते आमच्याकडेही शेवटीच येणार. तोवर वाट पाहायची. पाहत नाहीये मी. साहेब लोकांचे शब्द खुर्चीवरून उठले की संपतात.

सोमवार, १९ सप्टेंबर

आहे!

‘वादळी शिडाखाली’. त्याखाली, रांगेत मधोमध — इनॉक मॅबट. त्याखाली बारीक अक्षरात ‘कॅप्टन स्ट्रेंजवे या नावाने लिहिणारे’. सगळ्यांत खाली साल, १८८८. नाताळचं पुस्तक जुनं वाटू नये म्हणून नेहमी पुढचं साल घालतात. माझा नवरा पुढच्या वर्षीसुद्धा आहे.

मासळीवाल्याचं वाटत नाही. अजिबात नाही.

शेजारी डॉर्कस शिवत होती. बावीस-तेवीसची, केस गाजरासारखे, तोंड दिवसभर चालू. तिने वाकून पाहिलं. "मॅबट? बाई गं, तुझा कुणी लागतो का?" म्हटलं, नवरा. तिची सुई हवेतच राहिली. "आणि तू महिनाभर गप्प? माझ्या नवऱ्याचं नाव पोलीसठाण्याच्या वहीत आलं तेव्हासुद्धा मी गल्लीभर सांगत फिरले होते!"

मी हसले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा बहुतेक. घरी येऊन रडले ते वेगळं.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

शिवण संपत आली. डॉर्कस आता रोज सकाळी मला "या, लेखकीणबाई" म्हणते. स्केग्जबाई म्हणाल्या, "लेखकीण असो नाहीतर राणी, धागा ओढून धर."

पुठ्ठे पुढच्या आठवड्यात चढतील. एक प्रत तरी हातात घेऊन बघायची आहे. घ्यायची म्हणजे फक्त बघायची. घरी कुठली नेणार — फाटकावर बायकांच्या पिशव्याच काय, झग्यांच्या घड्यासुद्धा चाचपतात. कागदाची चिंधीही बाहेर जात नाही. कातरण पोत्यांत भरतात, आणि शनिवारी कागद गिरणीची गाडी येऊन पोती नेते.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

मला वाटलंच होतं. नाही — खोटं कशाला लिहू, वाटलं नव्हतं. ह्या वेळी विश्वास बसला होता.

स्केग्जबाईंनी दुपारी सगळ्यांना गोळा केलं. ‘वादळी शिडाखाली’चं नावाचं पान बदलायचं. नवं छापून आलंय. शिवलेल्या प्रत्येक प्रतीतून जुनं कापायचं, मुळाशी बोटभर पट्टी ठेवायची, त्या पट्टीवर खळ लावून नवं चिकटवायचं. आधी एकीने सगळ्या प्रतींच्या त्या पानाला खालून वर चीर द्यायची, म्हणजे कापणारीच्या हातून भलतं पान जाणार नाही.

नवं पान पाहिलं. ‘कॅप्टन स्ट्रेंजवे’. बस्स. दुसरं काही नाही.

"डॉर्कस, चिरा तू दे. मॅबट —" बाई थांबल्या. "मॅबट, कापणं आणि चिकटवणं तुझ्याकडे. तुझा हात साफ आहे."

डॉर्कस म्हणाली, "बाई, तिच्याकडे नको ना!" स्केग्जबाई म्हणाल्या, "तिच्याकडे नको तर कुणाकडे? तुझ्याकडे दिलं तर निम्मी पुस्तकं डोक्यावर उभी राहतील."

शनिवार, १५ ऑक्टोबर

अर्ध्या दिवसाची सुट्टी. अंगातल्या कामाच्या कपड्यांतच टर्व्हिलसाहेबांच्या कचेरीत गेले. बोटांना खळ तशीच.

त्यांनी मला ओळखलं, उठून खुर्ची दिली. मी बसले नाही.

"मॅबटबाई, मी गॅरडसाहेबांशी भांडलो. शपथेवर सांगतो." गॅरडसाहेब म्हणजे मालक. झालं असं, की मंगळवारी पुस्तकविक्रेत्यांची वर्षातली मोठी मेजवानी होती. तिथे जेवणानंतर नवी पुस्तकं फिरवतात आणि विक्रेते किती प्रती घेणार ते सांगतात. इनॉकचं पुस्तक फिरलं. कुणीतरी विचारलं, हा मॅबट कोण? मालक म्हणाले, कॅप्टनच्या गोष्टी लिहायचा, वारला बिचारा. "आणि सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. कॅप्टन मेला? मग शनिवारचा अंक कोण घेणार?"

मी म्हटलं, "कॅप्टन नाही मेला. इनॉक मेला."

"तेच तर! कॅप्टन अजून लिहितोय, बाई. पेकमला एक तरुण आहे, जूनपासून तो कॅप्टन आहे. बरा लिहितो. मॅबटसारखा नाही, पण बरा. तो म्हातारा झाला की दुसरा येईल. कॅप्टनला मरता येत नाही."

"तुम्ही शब्द दिला होता, साहेब. माझ्या खुर्चीवर बसून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "दिला होता. आणि पाळलाही. छापलं की नाही नाव? पुढचं माझ्या हातात नव्हतं."

हे खरं आहे. त्यांचं काम छापण्यापर्यंतच. पुढचं माझ्या हातात आहे.

मी म्हटलं, मग मला एक प्रत द्या, जुन्या पानाची. म्हणाले, एकही बाहेर राहता कामा नये असा हुकूम आहे. जिन्यापर्यंत आले सोडायला. म्हणाले, "तुम्ही हल्ली काय करता?" मी म्हटलं, पुस्तकं बांधते. "वा, वा! छान काम." कुठलं पुस्तक ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सोमवार, १७ ऑक्टोबर

सुरू झालं. डॉर्कस चीर देते आणि प्रत माझ्याकडे सरकवते. चीर बरोबर नावाच्या मधून जाते. इनॉक एका बाजूला, मॅबट दुसऱ्या.

पट्टी धर. सुरी ओढ. खळ. नवं पान. दाब. पुढची.

दुपारपर्यंत वाटलं, आता हात थांबेल. थांबला नाही. भाडं सोमवारी, कोळसा शुक्रवारी, आणि हाताला एवढंच येतं.

डॉर्कस दिवसभरात एकदाही बोलली नाही. तिचं गप्प राहणं मला सोसेना. म्हटलं, "बोल गं काहीतरी." म्हणाली, "काय बोलू? तुझ्या नवऱ्याला भोसकतेय मी इथे बसून."

मंगळवार, १८ ऑक्टोबर

कापलं. दिवसभर.

गुरुवार, २० ऑक्टोबर

लिहू की नको? ही वही कोण वाचणार. लिहिते.

एक प्रत मी तशीच ठेवली.

ठरवून नाही. दुपारच्या चहाची घंटा झाली, सगळ्या उठल्या. माझ्या हातात प्रत होती, सुरी पानाला लागलेली. आणि मला त्याचा तो प्रश्न आठवला — कसं दिसेल गं? सुरी खाली ठेवली. पान उलटलं. मागच्या कोऱ्या बाजूला, चिरेवर, पातळ कागदाची अरुंद पट्टी खळीने लावली. लहान मुलाच्या गुडघ्यावर लावतात तशी. बोटाने दाबली. पुढून पाहिलं तर केसाएवढी रेघ फक्त. इनॉक आणि मॅबट परत शेजारी.

मग प्रत गठ्ठ्याच्या पोटात सरकवली. घरी नेता येत नाही, तर जाऊ दे बाहेर. कुठे जाईल कोण जाणे. यॉर्क, ब्रिस्टल, एखाद्या रविवारच्या शाळेत बक्षीस म्हणून. कुणी नाव वाचणारही नाही. नावाचं पान कोण वाचतं? मी तरी कधी वाचायची?

पण एका प्रतीवर तो आहे.

कॅप्टनचं एक पान उरलं होतं. ते खळीच्या भांड्याखालच्या शेगडीत टाकलं.

शनिवार, २२ ऑक्टोबर

काम संपलं. गाडी आली, पोती गेली. त्याचं नाव पोत्यांनी गेलं. त्याचा लगदा होईल, त्याचे नवे कागद होतील, आणि ते घडी घालायला बहुतेक आमच्याकडेच येतील.

शनिवार, १७ डिसेंबर

घरी येताना दुकानाच्या काचेत दिसलं. निळं कापड, सोनेरी नांगर, कडा सोनेरी. त्याला आवडलं असतं. लाजला असता, पण आवडलं असतं.

आत गेले. वेड्यासारखं वाटलं, तीच प्रत असेल. दुकानदाराने माझ्या बोटांकडे पाहून पुस्तक स्वतःच उघडून धरलं. कॅप्टन स्ट्रेंजवे. "घ्या बाई, नातवाला? कॅप्टनने पन्नास वर्षं समुद्रावर काढलीत म्हणे. एक पायही गेलाय."

म्हटलं, हो का.

रविवार, २५ डिसेंबर

डॉर्कसने मटणाची पुडी आणि अर्धा केक पाठवला. खाल्लं नाही. चूल पेटवली नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी १८८८

वर्ष झालं.

आज आणखी फर्मे आले. पुस्तक खपलं, आता स्वस्त आवृत्ती. कागद हलका, सोनं नाही. पेकमच्या कॅप्टनच्या दोन गोष्टी घातल्यात, आणि जागा करायला इनॉकची एक काढली. दिवा घेऊन उभ्या असलेल्या बाईची. तिचा नवरा बोटीवर गेलाय, सगळे म्हणतात तो बुडाला, आणि ती रोज संध्याकाळी दिवा लावताना त्याला शिव्या घालते — "आज पण उशीर! रस्सा गार झाला!" त्या शिव्या माझ्या. शब्द न् शब्द. तो गोदीतून उशिरा यायचा तेव्हाच्या. शेवटच्या पानावर तो येतो, आणि ती दार न उघडताच म्हणते, पाय पूस.

इनॉक म्हणाला होता, ही गोष्ट चित्रासाठी नाही लिहिली.

म्हणजे आता नावही नाही, मीही नाही. यापुढे जितक्या निघतील, सगळ्या अशाच. मी घड्या घातल्या. सरळ पडल्या.

आमच्या त्या प्रतीचा विचार करणं सोडलं पाहिजे. एव्हाना कुणी तरी पानं फाडून होड्या केल्या असतील.

मंगळवार, ६ मार्च

ती प्रत परत आली.

स्केग्जबाईंनी मला भांडारात बोलावलं, दार लावून घेतलं. झग्याच्या खिशातून निळं पुस्तक काढलं. "एका दुकानदाराने सदोष म्हणून परत पाठवलीय. आत भलत्याच माणसाचं नाव आहे म्हणे." त्यांनी पान उलटून मागची पट्टी दाखवली. "एवढी नेटकी पट्टी ह्या कारखान्यात एकच बाई लावते."

मी बोटांची खळ झग्याला पुसली.

"मालकाच्या माणसाला मी सांगितलं, एक नवी पोरगी होती, चहाच्या घंटेला चुकली, तिला काढून टाकली. अशी पोरगी नव्हती. आता तू ती चूक दुरुस्त करायचीस, माझ्यासमोर. दुसऱ्या कुणाच्या हातात ही गेली तर मला काही करता येणार नाही."

"बाई, राहू द्या ना. ही एकच आहे."

"मॅबट, माझा नवरा हॅरी खाणीत मेला तेव्हा तिथे मेलेल्यांच्या नावांचा फलक लावला. त्याचं नाव चुकीचं लिहिलं होतं. मी रोज त्याच्यापुढून जायची. एक दिवस लक्षात आलं, मी आता त्या चुकीच्या नावालाच मान तुकवतेय." त्यांनी सुरी माझ्या हातात दिली. "होतं असं. काप."

पुस्तक वाचलेलं होतं. चांगलंच. कडा मऊ झालेल्या, तंबाखूचा वास, आणि दिव्याच्या गोष्टीच्या शेवटच्या पानाचा कोपरा दुमडलेला. कुणी दुमडला? त्याला कशाला परत द्यावंसं वाटलं? तंबाखू ओढणारा माणूस, गोष्ट संपेपर्यंत वाचली, आणि मग पुस्तक सदोष!

पट्टी धरली. सुरी ओढली. पान तिथल्याच भांडारातल्या पोत्यात टाकलं. कॅप्टन चिकटवला. प्रत वजनाखाली वाळत ठेवली.

संपलं. ह्याच्यापुढे ह्या वहीत लिहिण्यासारखं काही नाही.

गुरुवार, ८ मार्च

चहाच्या वेळी स्केग्जबाई माझ्या बाकाशी आल्या. माझ्याकडे न बघता बोलल्या. दुकानदाराचा माणूस विचारायला आला होता, ती प्रत परत कधी मिळणार. डील बंदरातला एक म्हातारा, जन्मभर बोटींवर काढलेला, ती घेऊन दुकानात आला होता — "ह्या मॅबटचं आणखी काही आहे का? हा माणूस तिथे जाऊन आलाय." दुकानदाराने यादीत पाहिलं, असं नाव नाही, म्हणून प्रत ठेवून घेतली आणि त्याला कॅप्टनची नवी दिली. तो घेत नाही. आपलीच हवी, नावासकट, म्हणून रोज येऊन बाकड्यावर बसतो.

"मी भांडाराचं दार उघडं ठेवलंय," बाई म्हणाल्या.

पोती शनिवारी जातात. आज गुरुवार.